रोजची गाडी ट्रॅकवर नेताना: ऑइल कूलर कधी, कोणता आणि कसा

बऱ्याच गाड्यांमध्ये कूलंटचा काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो. कूलंट ८५ अंशांवर असो की १०० वर, काटा मधोमधच दिसतो, म्हणजे रोजच्या वापरात चालक उगाच घाबरत नाही. ट्रॅकवर मात्र हाच काटा फसवतो. चौथ्या-पाचव्या लॅपला तो जागचा हललेला नसतो आणि त्याच वेळी संपमधलं (इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या भांड्यातलं) ऑइल १३० अंशांच्या पुढे गेलेलं असू शकतं. कूलंटवर थर्मोस्टॅट, पंखा आणि मोठा रेडिएटर असा तिहेरी पहारा असतो. ऑइलची व्यवस्था बहुतेक रोजच्या गाड्यांत संपवरून जाणारा वारा आणि फार तर कूलंटवर चालणारा एक छोटा कूलर एवढीच असते.

आठवडाभर ऑफिसला जाणारी आणि वर्षातून काही वेळा कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर, चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर किंवा ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर धावणारी १.२ ते २ लिटरची पेट्रोल गाडी समोर ठेवून पुढचं सगळं लिहिलं आहे. अशा गाडीला बाहेरून ऑइल कूलर जोडता येतो आणि नीट जोडला तर इंजिनाचं आयुष्य खरोखर वाढतं. पण हा कूलर जोडताना इंजिनाचं सगळं ऑइल आपण इंजिनाबाहेर काढून, दोन होजमधून बंपरपर्यंत फिरवून परत आणत असतो, हे विसरून चालत नाही. म्हणून या कामात कूलरच्या ब्रँडपेक्षा सांधे आणि हवेचा मार्ग या दोन गोष्टींना जास्त महत्त्व आहे.

ऑइल इतकं का तापतं

शहरात किंवा एक्सप्रेसवेवर १०० च्या वेगानं जाताना इंजिन आपल्या ताकदीचा थोडासाच भाग वापरतं. ट्रॅकवर लॅपचा मोठा हिस्सा पूर्ण थ्रॉटल आणि ५,००० ते ६,५०० आरपीएममध्ये जातो. ऑइलमध्ये उष्णता अनेक ठिकाणांहून येते: बेअरिंगच्या पातळ फटीत ऑइलचं स्वतःचंच घर्षण होतं, पिस्टनच्या रिंगा सिलिंडरवर घासतात, पिस्टनच्या पोटावर खालून ऑइलचा फवारा मारणारे जेट असतील तर पिस्टनची उष्णता थेट ऑइलमध्ये उतरते, आणि टर्बो असेल तर त्याच्या शाफ्टचं बेअरिंगही याच ऑइलवर चालतं. आरपीएम वाढले की यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट वाढते.

तापलेलं ऑइल पातळ होतं, हा पहिला धोका. डब्यावरच्या ५डब्ल्यू-४० मधला ४० हा आकडा १०० अंशांवरचा दाटपणा सांगतो. एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३०० मानकाप्रमाणे १०० अंशांवर ३० ग्रेड ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक (दाटपणाचं एकक) आणि ४० ग्रेड १२.५ ते १६.३ सेंटीस्टोक या पट्ट्यात बसतं. आता १०० अंशांवर १४ असलेलं ४० ग्रेडचं ऑइल १३० अंशांवर नेलं, तर ते साधारण ७.५ ते ८ पर्यंत उतरतं. म्हणजे ३० ग्रेडच्या खालच्या मर्यादेच्याही खाली. बेअरिंग आणि क्रँक यांना एकमेकांपासून दूर ठेवणारा थर तेवढ्या प्रमाणात बारीक होतो आणि गॅलरीतलं, म्हणजे इंजिनातल्या ऑइलच्या वाहिन्यांतलं, प्रेशरही पडतं. दुसरा धोका हळू पण नक्की येतो: ठोकताळा असा की दर १० अंशांनी ऑइल सडण्याचा वेग जवळपास दुप्पट होतो. १४० अंशांवर काढलेला एक दिवस ऑइलचं बरंच आयुष्य खाऊन टाकतो.

आकडे लक्षात ठेवायचे तर असे. चांगल्या सिंथेटिक ऑइलसाठी संपमध्ये ९० ते ११५ अंश ही उत्तम जागा. ट्रॅकवर १२५ पर्यंत चालतं. १३० ओलांडलं की वेग कमी करून एक लॅप हवा खाऊ द्या. १४० ला पिटमध्ये या. खालची मर्यादाही तेवढीच महत्त्वाची आहे: ऑइल सतत ८० च्या खाली राहिलं तर त्यातलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही.

आधी मोजा

कूलर विकत घेण्याआधी ऑइलचं तापमान आणि प्रेशर मोजलंच पाहिजे. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या अनेक टीएसआय गाड्यांत ऑइलचं तापमान डिस्प्लेवरच दिसतं. बाकीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत ऑइल टेंपरेचरचा सेन्सर मुळात नसतो. ओबीडीवर (गाडीच्या निदान सॉकेटवर) आकडा दिसलाच तर तो ईसीयूनं (इंजिनाच्या कंप्युटरनं) अंदाजानं काढलेला असू शकतो. अशा गाडीत वेगळा गेज लावावा.

सेन्सर कुठे बसवता यावर आकड्याचा अर्थ ठरतो. संपमधला आकडा सगळ्यात प्रामाणिक, कारण ते इंजिनातून फिरून, तापून परत आलेलं ऑइल असतं. ड्रेन प्लगच्या जागी बसणारे सेन्सर मिळतात, पण ते खाली डोकावतात आणि आपल्याकडच्या स्पीडब्रेकरवर पहिला फटका त्यांनाच बसतो. संप काढून त्याच्या बाजूला बुशिंग वेल्ड करून घेणं जास्त चांगलं. ते जमत नसेल तर सँडविच प्लेटवर (इंजिन आणि फिल्टर यांच्यामध्ये बसणारी चकती, पुढे सविस्तर), कूलरकडे जाणाऱ्या बाजूला सेन्सर घ्या. कूलरमधून परत येणाऱ्या बाजूला लावला तर नेहमी थंड झालेल्या ऑइलचा सुखावणारा आकडा दिसेल आणि संप उकळत असेल तरी कळणार नाही.

मोजताना किमान २० मिनिटांचं सलग सेशन हवं. कूलंटच्या तुलनेत ऑइल उशिरा तापतं. पहिल्या दोन लॅपला सगळं छान वाटतं. दर लॅपला एकाच जागी, शक्यतो सरळ रस्त्याच्या शेवटी, आकडा टिपायला सोबत्याला सांगा किंवा फोन गेजकडे तोंड करून रेकॉर्डिंगला लावून ठेवा. आकडा वाढत जाऊन १२० ला थांबला आणि तिथेच राहिला, तर कूलरची गरज नाही. १३० वरही चढतच राहिला, तर आहे.

त्याआधी स्वस्तातले उपाय करून बघण्यात शहाणपण आहे. कंपनीच्या पुस्तिकेत परवानगी असेल तर ३० ऐवजी ४० ग्रेडचं ताजं सिंथेटिक ऑइल, डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत. रेडिएटर आणि एसी कंडेन्सर यांच्यामध्ये अडकलेला कचरा काढणं. बंपरमधून आलेली हवा रेडिएटरच्या कडेनं निसटत असेल तर त्या फटी फोमनं बंद करणं. ज्या गाडीत कंपनीचा कूलंटवाला ऑइल कूलर आहे, तिथे कूलंट थंड झालं की ऑइलही काही अंश उतरतं. १५ मिनिटांची सेशन आणि शेवटचा एक लॅप शांतपणे, हेही पुष्कळांना पुरतं.

पाण्यावरचा की हवेवरचा

कंपनीचा कूलर बहुधा फिल्टरच्या मागे चिकटलेला, मुठीएवढा असतो. त्यात एका बाजूनं ऑइल आणि दुसऱ्या बाजूनं कूलंट वाहतं. थंड इंजिन सुरू केल्यावर कूलंट आधी तापतं आणि ऑइललाही तापवतं, हा त्याचा मोठा फायदा. मर्यादा उघड आहे: ऑइल कूलंटपेक्षा थंड कधीच होऊ शकत नाही आणि ऑइलची सगळी उष्णता शेवटी त्याच रेडिएटरवर पडते. हा कूलर काढू नका. हवेवरचा कूलर त्याच्या जोडीला येतो, आणि ऑइलनं आपली उष्णता थेट हवेत सोडली की रेडिएटरलाही श्वास घ्यायला जागा मिळते.

हवेवरच्या कूलरचा हिशेब एकदा हातानं करून बघण्यासारखा आहे. वरच्या आरपीएमला पंप कूलरमधून मिनिटाला साधारण ३० लिटर ऑइल ढकलतो असं धरू. म्हणजे सेकंदाला अर्धा लिटर, वजनात ४०० ग्रॅम. ऑइलची उष्णताधारकता किलोमागे, अंशामागे २.२ किलोज्यूल. कूलरमधून जाताना ऑइल १२ अंशांनी थंड झालं, तर बाहेर टाकलेली उष्णता होते सुमारे १०.५ किलोवॉट. घरातले २ किलोवॉटचे पाच गिझर एकाच वेळी चालू केल्यावर जेवढी उष्णता निघेल तेवढी. एवढी उष्णता न्यायला हवा लागते, पुष्कळ लागते, आणि ती कूलरच्या कडेनं न जाता त्याच्या फिन्समधूनच, म्हणजे धातूच्या पातळ पात्यांमधूनच, जायला हवी.

आकार निवडताना बाहेरचं तापमान विसरू नका. कूलरची क्षमता ऑइल आणि हवा यांच्यातल्या फरकावर चालते. ऑइल १२० आणि हवा २० अंश असेल तर फरक १०० चा. तेच चेन्नईच्या ३८ अंशांत ८२ वर येतं. म्हणजे थंड हवेत पुरणारा कूलर आपल्याकडे जवळजवळ पाचवा हिस्सा कमी काम करतो. परदेशातल्या किटमध्ये तुमच्या इंजिनासाठी १६ रो (कूलरमधल्या ऑइल वाहणाऱ्या थरांच्या ओळी) सांगितले असतील तर इथे १९ घ्या. सर्वसाधारणपणे २३५ मिमी रुंदीच्या, एकावर एक प्लेट रचलेल्या प्रकारात, १२० बीएचपीपर्यंतच्या विनाटर्बो इंजिनाला १३ ते १६ रो, १५० ते २०० बीएचपीच्या टर्बोला १९ आणि त्याच्या वर २५ रो असं धरून चालावं. १९ रोचा कूलर सुमारे १४.५ सेंटिमीटर उंच आणि ५ सेंटिमीटर जाड असतो. तेवढी जागा बंपरमागे आहे का, हे पुठ्ठ्याचा डमी कापून आधी बघा.

ट्रॅकचा स्वभावही मोजावा. करी सुमारे २.१ किलोमीटरचा, वळणांमागून वळणं असलेला ट्रॅक आहे. तिथे आरपीएम वर आणि वेग त्या मानानं कमी, म्हणजे उष्णता भरपूर आणि वारा थोडा. ५.१२५ किलोमीटरच्या बुद्ध सर्किटवर लांब सरळ रस्त्यांवर वारा उत्तम मिळतो, पण पूर्ण थ्रॉटलही तितकाच लांब चालतो. छोट्या ट्रॅकसाठी कूलरला हवा पोहोचवणारा डक्ट नीट करणं हे दोन रो वाढवण्यापेक्षा जास्त फळ देतं.

थर्मोस्टॅट हवाच

फक्त रेसिंगसाठी ठेवलेल्या गाडीत थर्मोस्टॅट नसला तरी निभावतं. रोजच्या गाडीत तो सोडायचा विचारही करू नका. डिसेंबरात पहाटे पुण्याहून निघालेल्या गाडीचं ऑइल एक्सप्रेसवेवर १९ रोच्या कूलरमधून सतत फिरलं, तर ते ७० वरच रेंगाळेल. त्यात पेट्रोल आणि पाणी साठत जातं. ऑइल भरायच्या झाकणाखाली पिवळट फेस दिसायला लागतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनात पेट्रोल ऑइलमध्ये उतरण्याची सवय आधीच जास्त असते, त्यामुळे तिथे नुकसानही जास्त.

८० अंशांच्या आसपास उघडायला लागणारा थर्मोस्टॅट असलेली सँडविच प्लेट घ्यावी. बंद असतानाही तो थोडंसं ऑइल कूलरकडे जाऊ देतो. हा दोष समजू नका. त्यामुळे होजमधली हवा निघून जाते आणि थर्मोस्टॅट उघडल्यावर थंडगार ऑइलचा लोंढा एकदम इंजिनात येत नाही. थंड इंजिन सुरू करताना दाट ऑइलचं प्रेशर उसळतं, तो धक्काही बंद थर्मोस्टॅटमुळे कूलरपर्यंत पूर्ण पोहोचत नाही.

सँडविच प्लेट आणि तिचे आटे

सँडविच प्लेट म्हणजे इंजिन ब्लॉक आणि ऑइल फिल्टर यांच्यामध्ये बसणारी ॲल्युमिनियमची जाड चकती. पंपाकडून आलेलं ऑइल ती बाहेर काढते, कूलरमधून परत आलेलं ऑइल फिल्टरमधून आत सोडते. हा क्रम चांगला आहे, कारण होजमध्ये किंवा कूलरमध्ये राहिलेला कण बेअरिंगकडे जाण्याआधी फिल्टरमध्ये अडकतो.

प्लेट मागवताना इंजिनाचे आटे नेमके माहीत हवेत. होंडाच्या फिल्टरला २० मिमी व्यास आणि १.५ मिमी पिच असतो. फोक्सवॅगनच्या स्क्रूनं बसणाऱ्या फिल्टरला सहसा पाऊण इंच व्यास आणि इंचाला १६ आटे असतात. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिमी, आणि घोळ इथेच होतो. २० मिमीची वस्तू पाऊण इंचाच्या स्टडवर सैल का होईना पण चढते, घट्ट झाल्यासारखी वाटते आणि गरम ऑइलच्या प्रेशरखाली आटे सोडून सुटते. हाताला लागणाऱ्या अंदाजावर विसंबू नका. थ्रेड गेज लावा किंवा फिल्टरच्या पार्ट नंबरवरून खात्री करा.

प्लेट बसल्यावर फिल्टर तीन-चार सेंटिमीटर पुढे येतो. तो सबफ्रेमला, एक्झॉस्टला किंवा ड्राइव्हशाफ्टला लागतो का हे बघा; इंजिन माउंटवर हलतं, त्यामुळे किमान दोन बोटं जागा मोकळी हवी. पुठ्ठ्याची कार्ट्रिज झाकणाखाली बसते अशा इंजिनांना ही चकती चालत नाही, त्यांना त्याच इंजिनासाठी बनवलेलं ॲडॅप्टर लागतं.

होज आणि फिटिंग

या इंजिनांसाठी एएन-१० (एएन हे होज आणि फिटिंगच्या मापांचं मानक) होज योग्य, आतला व्यास साधारण १४ मिमी. एएन-८ म्हणजे ११ मिमी. फरक तीन मिमीचाच दिसतो, पण तेवढंच ऑइल ढकलायला लागणारं प्रेशर अडीच-तीन पट होतं, आणि ते इंजिनाच्या गॅलरीतून वजा होतं. छोट्या विनाटर्बो इंजिनाला आणि आखूड होजला एएन-८ चालून जाईल, १.५ लिटर टर्बोला मी सुचवणार नाही.

होजचं अस्तर तापमान सोसणारं हवं. बाजारातला साधा नायट्राइल रबरचा ऑइल होज किंवा पेट्रोलचा पाइप क्लॅम्प लावून वापरणं म्हणजे इंजिन जुगारावर लावणं. १५० अंश सोसणारा सिंथेटिक रबराचा किंवा २०० च्या वर सोसणारा पीटीएफई (टेफ्लॉन) अस्तराचा होज घ्या. बाहेरची स्टीलची वेणी दिसायला देखणी असते, पण ती करवतीसारखी काम करते: वायरिंग, एसीचा पाइप, ॲल्युमिनियमचा रेडिएटर, जिथे घासेल तिथे कापते. नायलॉनची वेणी सौम्य असते. स्टीलचीच असेल तर प्रत्येक स्पर्शाच्या जागी रबरी आवरण घाला आणि दर २० सेंटिमीटरला रबर लावलेली पी-क्लिप द्या. एएन-१० रबरी होजला १५ सेंटिमीटरपेक्षा लहान त्रिज्येचं वळण देऊ नका, तो आतून दबतो. वळण घट्ट हवं असेल तिथे ४५ किंवा ९० अंशांचं, गोलसर वाकवलेलं फिटिंग वापरा.

होज कापणं हे किरकोळ काम वाटतं, पण इंजिनं खराब होण्याचं एक कारण इथेच जन्मतं. कापायच्या जागी टेप घट्ट गुंडाळा, पातळ चकतीच्या ग्राइंडरनं किंवा होज कटरनं काटकोनात कापा, मग दोन्ही बाजूंनी काँप्रेसरची हवा मारा, आणि पेट्रोलनं नव्हे तर ब्रेक क्लीनरनं धुऊन पुन्हा हवा मारा. राहिलेला रबराचा चुरा थेट ऑइलच्या वाटेत जातो. फिटिंगचं सॉकेट होजवर पूर्ण चढवल्यावर त्याच्या कडेला होजवर टेपची खूण करा. निप्पलच्या (फिटिंगच्या होजमध्ये शिरणाऱ्या भागाच्या) आट्यांना ऑइल लावून तो आत फिरवताना खूण सॉकेटपासून दूर सरकली तर होज मागे ढकलला गेला आहे. सोडा आणि पुन्हा करा. असा अर्धवट बसलेला होज गॅरेजमध्ये गळत नाही. तो ट्रॅकवर ५ बारच्या प्रेशरला सुटतो.

एएनचे सांधे ३७ अंशांच्या शंकूवर सील होतात. त्यांना टेफ्लॉन टेप लागत नाही, आणि लावलीच तर तिचे तुकडे ऑइलमध्ये जातात. हातानं पूर्ण बसल्यावर पान्यानं साधारण षटकोनाची एक बाजू, म्हणजे ६० अंश, पुढे. उत्पादकानं टॉर्कचा आकडा दिला असेल तर तोच पाळा. कूलरच्या तोंडावर नेहमी दोन पाने वापरा, एक कूलरच्या बॉसवर (तोंडाच्या जाड भागावर) आणि एक नटवर. एकाच पान्यानं आवळलं तर पातळ ॲल्युमिनियमचं जोडकाम पिळवटून तडकतं. सगळं आवळल्यावर नट आणि फिटिंग यांच्यावरून पेंटमार्करनं एक सरळ रेघ ओढा. पुढे प्रत्येक सेशननंतर फक्त रेघ जुळते का एवढं पाहिलं की पुरे.

कूलर कुठे आणि हवा कशी

सगळ्यात सोपी जागा म्हणजे रेडिएटरच्या पुढे, आणि रोजच्या गाडीत तीच सगळ्यात कमी आवडणारी. तिथे आधीच एसीचा कंडेन्सर असतो. त्याच्यापुढे कूलर लावला की गरम हवा कंडेन्सर आणि रेडिएटरवर जाते. ऑइल थंड होतं, कूलंट तापतं आणि मे महिन्यात एसी कुरकुरतो. बंपरच्या कोपऱ्यात, फॉग लाइटच्या मागे, चाकाच्या प्लास्टिक लाइनरसमोर जागा मिळाली तर ती घ्या.

तिथे बंदिस्त डक्ट हवा. १९ रोच्या कूलरचं तोंड साधारण ३४० चौरस सेंटिमीटर असतं. डक्टचं बाहेरचं तोंड त्याच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे ८ बाय १४ सेंटिमीटरसारखं, पुरतं. तोंडापासून कूलरपर्यंत डक्ट हळूहळू रुंदावत गेला पाहिजे आणि कूलरच्या चारही कडांना फोमची पट्टी लावून फट बंद केली पाहिजे. हवेला कडेनं सुटायला वाट मिळाली तर ती फिन्समधून जाणारच नाही. आत आलेल्या हवेला बाहेर जायलाही वाट लागते, आणि बहुतेक फसलेली कामं इथे फसतात. कूलरच्या मागे बंद लाइनर असेल तर हवा साचून राहते. लाइनरला मागच्या बाजूनं झरोके पाडा, एकूण क्षेत्र आत येणाऱ्या तोंडापेक्षा जास्त ठेवा आणि चाकानं उडवलेले खडे आत येऊ नयेत म्हणून झरोक्यांची पाती मागे झुकलेली ठेवा. समोर ५ ते ६ मिमीच्या छिद्रांची जाळी लावा.

कूलर रबरी बुशवर बसवा, बॉडीला थेट बोल्ट करू नका; कंपनानं ब्रेझिंग (धातूचं जोडकाम) तडकतं. दोन्ही तोंडं वर असतील अशी मांडणी सगळ्यात चांगली, हवा आपोआप निघून जाते. तोंडं आडवी ठेवावी लागली तर ऑइल खालच्या तोंडातून आत आणि वरच्यातून बाहेर. खाली तोंड करून लावू नका, वरती हवेचा फुगा अडकतो.

पहिल्यांदा सुरू करताना

होज आणि कूलरमध्ये किती जास्तीचं ऑइल लागेल ते आधी काढून ठेवा. १४ मिमी होजमध्ये मीटरला सुमारे दीडशे मिलिलिटर मावतं. दोन मीटर होज आणि १९ रोचा कूलर मिळून पाऊण लिटरच्या आसपास. कूलर जोडण्याआधी त्यात तोंडातून ऑइल ओता, फिल्टरही जमेल तेवढा भरा. मग फ्युएल पंपाचा फ्यूज काढून दहा-दहा सेकंद स्टार्टर मारा, मध्ये थांबा, प्रेशरचा काटा हलेपर्यंत किंवा ऑइलचा दिवा विझेपर्यंत. त्यानंतरच इंजिन सुरू करा आणि दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवून प्रत्येक सांधा टॉर्च आणि कोरड्या टिश्यूनं तपासा.

आता ऑइल ९० च्या वर जाईपर्यंत गाडी रस्त्यावर चालवा. कूलरच्या दोन्ही होजना हात न लावता, जवळ नेऊन बघा: दोन्ही चांगले गरम म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. एक गरम आणि दुसरा गार असेल तर कुठेतरी वाट बंद आहे. सपाट जागी दहा मिनिटं थांबून डिपस्टिक बघा, भर घाला. सँडविच प्लेटचा मधला बोल्ट गार झाल्यावर पुन्हा टॉर्क रेंचनं तपासा. होजच्या वजनानं आणि हिसक्यांनी ही प्लेट फिरण्याचा प्रयत्न करते. तिला अडवणारा छोटा टेकू किंवा सेफ्टी वायर द्या.

पहिलं ट्रॅक सेशन पाच लॅपचं ठेवा आणि पिटमध्ये येऊन खालून बघा. यात हयगय करू नये, कारण हिशेब भीतीदायक आहे: मिनिटाला ३० लिटर ढकलणाऱ्या पंपासमोर होज सुटला तर ५ लिटर ऑइल दहा सेकंदांत बाहेर. दिवा लागल्याचं दिसून पाय उचलेपर्यंत बेअरिंग गेलेलं असतं. त्यातलं ऑइल तुमच्याच मागच्या टायरखाली आणि मागून येणाऱ्याच्या वाटेवर पडतं, आणि गरम एक्झॉस्टवर पडलं तर पेट घेतं. प्रेशरचा दिवा लागताच क्लच दाबून इंजिन बंद करा आणि लाइन सोडून कडेला या. गाडीत हाताशी अग्निशामक ठेवा. मार्शल पिवळ्यावर लाल पट्ट्यांचा झेंडा दाखवतात तो अशाच निसरड्या रस्त्यासाठी.

कूलरनं काय सुधारत नाही

वळणात प्रेशरचा काटा पडतो आणि सरळ रस्त्यावर सावरतो, ही तक्रार उष्णतेची नसते. गाडीनं वळणात १ जी (गुरुत्वाकर्षणाएवढा आडवा जोर) काढला की संपमधल्या ऑइलचा पृष्ठभाग ४५ अंशांनी कलतो आणि पिकअप (पंपासाठी ऑइल ओढणारी नळी) उघडा पडून हवा ओढतो. यावर उपाय संपमधले बॅफल (ऑइल अडवणारे पडदे), आणि तोवर ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरलेलं ठेवणं. उलट सरळ रस्त्यावरही, गरम ऑइलवर, दर हजार आरपीएमला ०.७ बार या जुन्या ठोकताळ्यापेक्षा प्रेशर बरंच कमी असेल तर पंप, बेअरिंगची झीज किंवा पेट्रोलमुळे पातळ झालेलं ऑइल यांचा शोध घ्या. नव्या इंजिनांत प्रेशर कमी-जास्त करणारे पंप असतात, तिथे कंपनीचा आकडाच प्रमाण. कूलर बसवून या दुखण्यांवर पांघरूण घातलं जातं, एवढंच.

वॉरंटीतल्या गाडीला हा बदल करण्याआधी सर्व्हिस सेंटरशी बोला. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटर विम्यात शर्यत आणि वेगचाचणीसाठीचा वापर वगळलेला असतो, तेव्हा ट्रॅकवर जे होईल ते खिशातून, हे गृहीत धरूनच सांध्यांवर खर्च करा.

पुढची देखभाल थोडकी आहे. पावसाळ्यानंतर फिन्समधला चिखल मागच्या बाजूनं साध्या नळाच्या पाण्यानं काढा; प्रेशर वॉशर फिन्स वाकवतो. ऑइल बदलताना कूलर आणि होजमध्ये अर्धा-पाऊण लिटर जुनं ऑइल राहतं, म्हणून ट्रॅकच्या गाडीत बदल लवकर करावा. होज दर वर्षी वाकवून, वास घेऊन, वेणीखाली ओल आहे का ते बघावं.

आणि इंजिनाचं बेअरिंग कधी गेलंच, तर नव्या इंजिनावर तोच कूलर लावू नका. धातूचा चुरा कूलरच्या प्लेटच्या आतल्या बारीक जाळीत बसलेला असतो आणि कितीही धुतला तरी पूर्ण निघत नाही. होज बदला, थर्मोस्टॅटवाली प्लेट पूर्ण खोलून धुता येत असेल तरच ठेवा, कूलर भंगारात द्या. याच कारणानं कोणत्या इंजिनावरून उतरवला हे माहीत नसलेला सेकंडहँड कूलर, कितीही स्वस्त मिळाला तरी, घेऊ नये.